एकूण वजन आणि अ‍ॅक्सल वजन: काट्याची पावती बरोबर, तरी गाडी ओव्हरलोड कशी?

गाडीची पासिंग, म्हणजे कायद्याने मान्य केलेलं कमाल वजन, 18.5 टन, आणि वजनकाट्याच्या पावतीवर आकडा 16.5 टनांचा. चालक निर्धास्त होतो. तरीही पुढच्या तपासणीत हीच गाडी ओव्हरलोड ठरू शकते, आणि त्यात तपासणाऱ्याची काही चूक नसते. कायद्यात मर्यादा दोन वजनांवर असते. पावतीवर त्यातलं एकच दिसतं.

एकूण वजन म्हणजे गाडी, डिझेल, माणसं आणि माल यांची बेरीज. पासिंग ही या बेरजेची मर्यादा. (ती नुसत्या मालाची मर्यादा समजणारे आजही भेटतात. माल तेवढाच भरायचा, जेवढा पासिंगमधून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून उरतो.) अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आस. अ‍ॅक्सल वजन म्हणजे एका अ‍ॅक्सलची सगळी चाकं मिळून रस्त्यावर जेवढा भार टाकतात तेवढा. सगळ्या अ‍ॅक्सलची बेरीज केली की एकूण वजन मिळतं. पण बेरीज मर्यादेत आहे म्हणून प्रत्येक अ‍ॅक्सल मर्यादेत असेलच असं नाही.

वरचाच ट्रक घेऊ. दोन अ‍ॅक्सल, त्यांच्यात 5 मीटर अंतर. रिकाम्या गाडीचे पुढे 3.5 टन, मागे 3 टन. माल 10 टन. मालाचा भारमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 1 मीटर पुढे असेल, तर मालातले 2 टन पुढे जातात आणि 8 मागे. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर 11 टन. भारतात 2018 साली मर्यादा वाढवल्या तेव्हा अशा ट्रकला मागे असतो तशा चार टायरांच्या अ‍ॅक्सलसाठी 10.2 टनांऐवजी 11.5 टन ठरले. त्या हिशेबाने गाडी नियमात आहे. आता तोच माल हौद्यात फक्त अर्धा मीटर मागे सरकवा. मागे 12 टन होतात. एक पोतंही न वाढवता गाडी ओव्हरलोड झाली!

एका टनाचं एवढं काय, असं वाटेल. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अखंड फिरवून चाचणी घेतली गेली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. 11 चे 12 टन झाले तर भार 9 टक्के वाढतो, झीज मात्र 40 टक्क्यांहून जास्त. डांबरी रस्त्यावर ज्या खोल चाकोऱ्या पडतात, त्यांत अशा जड अ‍ॅक्सलचा मोठा वाटा असतो. त्या चाकोरीत पाणी साचतं, आणि मग दुचाकीवरचा माणूस घसरतो. म्हणून हा विषय फक्त दंडाचा आहे असं मला कधीच वाटत नाही.

मग एकूण वजनाची मर्यादा कशासाठी? मुख्यतः पुलांसाठी. रस्त्याला एका वेळी एका अ‍ॅक्सलचा भार सोसावा लागतो, पण लांब गाळ्याच्या पुलावर सगळी गाडी एकदम उभी असते. तिथे गाडीची लांबीही महत्त्वाची ठरते: तेवढंच वजन आखूड गाडीत कोंबलं तर पुलाला जास्त जाचतं. अमेरिकेत म्हणूनच अ‍ॅक्सलची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर धरून वजन ठरवणारं सूत्र कायद्यात आहे. त्यावर कमाल एकूण वजन 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36.3 टन. भारतात जोडगाडीला (मागे ट्रेलर जोडलेल्या गाडीला) 55 टनांपर्यंत परवानगी आहे. जवळजवळ बसवलेल्या दोन अ‍ॅक्सलना 11.5 च्या दुप्पट 23 टन न देता 21 च दिले आहेत, कारण त्यांचा भार रस्त्याच्या जवळपास त्याच भागावर येतो.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिलं, लिफ्ट अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांसकट रस्त्यावरून वर उचलता येणारा अ‍ॅक्सल. भरल्या गाडीत तो उचलून ठेवला तर एकूण वजन तेवढंच राहतं, पण त्याचा वाटा उरलेल्या अ‍ॅक्सलवर पडतो. दुसरं, वाटेत अर्धा माल उतरवणं. मागच्या चाकांच्याही मागे असलेला माल पुढचं टोक उचलत असतो; तो उतरवताच पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार वाढतो. निघताना नियमात असलेली गाडी हलकी होऊनही पुढून ओव्हरलोड होऊ शकते.

तपासायला वेगळं यंत्र लागतंच असं नाही. काटा आणि त्याच्या पुढचा-मागचा रस्ता एका पातळीत असेल, तर आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे मागचं वजन. तो आकडा जास्त आला, तर माल उतरवण्याआधी हौद्यात पुढे सरकवून पाहा, आणि पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडली नाही ना, हे पुन्हा मोजा.