ताम्हिणीमार्गे कोकणात: आमच्या प्रवाशांसाठी रस्त्याची माहिती

माणगाव, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर किंवा रायगड, यांपैकी कुठेही जाण्यासाठी पुण्यातून आमची गाडी ठरवलीत, तर ती बहुतेक वेळा ताम्हिणी घाटाने जाते. बुकिंगच्या फोनवर दोन प्रश्न हमखास येतात: किती वेळ लागेल, आणि रात्री निघालं तर चालेल का? दोन्हींची उत्तरं रस्ता समजून घेतल्याशिवाय पटत नाहीत, म्हणून हे पत्रक. बरोबर येणाऱ्या घरच्या मंडळींनाही ते वाचायला द्यावं.

चांदणी चौकातून माणगावपर्यंतचं अंतर साधारण शंभर किलोमीटर. वर्षानुवर्षं हा राज्यमार्ग होता. आता तो राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफमध्ये मोडतो, आणि हा महामार्ग अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), शिरूर, पुणे करत माणगावला मुंबई–गोवा महामार्ग ओलांडून दिघी बंदराकडे जातो. नंबर मोठा झाला, पण घाटातला रस्ता डोंगराच्या मर्जीनेच वळतो. म्हणून ‘हायवे आहे, दोन तासांत पोहोचू’ हा हिशेब आम्ही कुणालाच देत नाही. वाटेत चहा-नाश्त्याला थांबून माणगावपर्यंत तीन ते साडेतीन तास धरा. शनिवारी सकाळी निघणार असाल तर त्याहून जास्त.

हा जादा वेळ घाटात जात नाही, सुरुवातीलाच जातो. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला आणि पुढच्या वर्षी नवे उड्डाणपूल सुरू झाले. त्यामुळे चौक सुटला, पण कोंडी भूगावात सरकली. भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात एकीकडे नव्या सोसायट्या आणि मंगल कार्यालयं, दुसरीकडे पिरंगुटच्या कारखान्यांचे कंटेनर. लग्नसराईत तर इथे गाडी पावलापावलाने चालते. यावर आमच्याकडे एकच उपाय आहे: सहाला निघायचं ठरलं की सहालाच गाडीत बसायचं. पौड गाठलं की वाहतूक विरळ होते. पौड हे मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण आणि शिवकालातल्या बारा मावळांपैकी एक. स्वच्छतागृह, औषधाचं दुकान, पाण्याच्या बाटल्या असं जे काही लागेल ते इथेच उरकून घ्या, कारण पुढे भरवसा नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर खाऊन घाट चढू नये. खिडकीजवळची पुढची जागा त्यांना द्या आणि तसं ड्रायव्हरला आधी सांगा.

धरणाच्या कडेने

पौडच्या पुढे उजव्या हाताला मुळशीचा जलाशय दिसू लागतो. इथे आमचे ड्रायव्हर आपणहून वेग कमी करतात. या पाण्याची गोष्ट प्रत्येक प्रवाशाला माहीत असावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

मुळा आणि निळा या नद्यांच्या पाण्यावर टाटा कंपनीने हे धरण बांधलं. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचं १९२२ मध्ये सुरू झालं, तिसरं भिऱ्याचं. मुळशीचं पाणी त्या तिसऱ्या केंद्रासाठी. त्यात खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी इतक्या संघटितपणे दिलेला हा जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. पुढे लढा फुटला. जमिनींची कागदोपत्री मालकी असलेले पुण्यातले अनेक सावकार मोबदल्याला राजी झाले, आणि जमीन कसणारा मावळा एकटा पडला. १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचं केंद्र सुरू झालं.

आता हे पाणी कोणत्या मार्गाने जातं ते पाहा. मुळा मुळात पूर्ववाहिनी. पुण्यात संगमावर ती मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा, म्हणजे शेवट बंगालच्या उपसागरात. पण धरणात अडवलेलं पाणी उलट्या दिशेला, सह्याद्रीच्या पलीकडे नेलं जातं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं जातं, तिथे वीज करून कुंडलिकेत मिसळतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंग करून आला असाल, तर तिथला सकाळचा लोंढा याच विजेच्या पाण्याचा होता. मुळशीचं पाणी पुण्याकडेही वळवावं ही मागणी अधूनमधून जोर धरते. बसल्या जागी नळ उघडणाऱ्या आपल्यासारख्या पुणेकरांनी त्यावर मत बनवण्याआधी या तलावाखाली काय गेलं ते लक्षात घ्यावं, एवढीच आमची विनंती.

काठावर फोटोसाठी थांबायचं असेल तर ड्रायव्हर सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करेल. पाण्यात मात्र उतरू नका. काठ भुसभुशीत आहेत आणि खोली अचानक वाढते. परतीच्या वाटेवर आंबेमोहर तांदूळ घ्यायचा असेल तर याच भागातल्या शेतकऱ्यांकडून घ्या. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि नुसत्या पेजेलाही त्याचा वास घरभर दरवळतो.

घाट आणि आमचे नियम

ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे. अनेक सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घराण्यांची ही कुलदेवता, त्यामुळे दर्शनासाठी मुद्दाम येणारी कुटुंबं आमच्याकडे गाडी ठरवतात. गावाच्या अलीकडे लोणावळ्याकडे जाणारा फाटा फुटतो. आजूबाजूचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. जांभूळ, अंजन, कारवी आणि नशीब असेल तर झाडाच्या शेंड्यावर शेकरू. अभयारण्यात गाणी मोठ्याने लावू नका, आणि माकडांना वेफर्स देऊ नका, कारण मग ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली सापडतात.

इथे पाऊस किती पडतो याची कल्पना शहरात बसून येत नाही. २५ जुलै २०२४ रोजी चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढाच पाऊस पडतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला थडकून वर चढतात, गार होतात आणि इथेच रिते होतात. असा पाऊस झाला की दरड येते, मोऱ्या तुंबतात, रस्त्याची कड खचते. आणि दाट धुक्यात वळणावर समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा अगदी जवळ आल्यावर दिसतो.

म्हणून आम्ही सूर्यास्तानंतर ताम्हिणी घाट चढत नाही आणि उतरत नाही. पावसाळ्यात तर दुपारी चारनंतर पुण्यातून या मार्गाने गाडी सोडतच नाही. ग्राहक नाराज होतात, काही बुकिंग हातची जातात, ती जाऊ द्या. घाटात दिवे नाहीत, बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही, आणि गाडी बंद पडली तर मदत पौडहून किंवा माणगावहून यायची. हवामान खात्याने घाटमाथ्याला रेड अलर्ट दिला किंवा प्रशासनाने रस्ता बंद केला, तर प्रवास पुढे ढकलू किंवा खोपोली–पालीमार्गे नेऊ. तारीख बदलल्याचा वेगळा आकार लावत नाही. मार्ग बदलल्यास वाढलेल्या किलोमीटरचे आणि टोलचे पैसे मात्र द्यावे लागतील, ते निघण्यापूर्वीच सांगू.

धबधब्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. रस्त्याला लागून धबधबा दिसला की मुलं गाडी थांबवायला सांगतात. गाडी वळणावर थांबणार नाही, रुंद जागा आली तरच थांबेल. धबधब्याखाली उभं राहायला आम्ही मनाई करतो, कारण पाण्याबरोबर वरून दगडही येतात. प्लस व्हॅली, देवकुंड अशा ठिकाणी पावसाळ्यात बंदीचे आदेश असतात. ते लागू असताना कोणी कितीही गळ घातली तरी आमचा ड्रायव्हर तिकडे गाडी नेणार नाही. उतारावर तो खालच्या गिअरमध्ये हळू चालवतो, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. त्याला वेग वाढवायला सांगू नका. मागच्याने हॉर्न दिला तरी वाट द्यायची की नाही हे तोच ठरवेल.

घाट उतरल्यावर

पायथ्याला विळे. इथून उजवीकडे भिरा, कोलाड आणि रोह्याचा रस्ता. अलिबाग किंवा मुरूडला जाणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच तसं सांगावं, म्हणजे माणगावपर्यंतचा हेलपाटा वाचतो. सरळ पुढे निजामपूर. रायगड पाहायचा असेल तर निजामपुरातून पाचाडचा रस्ता पकडतो. तो अरुंद आहे, पण महाडचा वळसा टळतो.

मग माणगाव. दर खेपेला कोणीतरी विचारतं, म्हणून सांगून ठेवतो: १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेला एकत्र आले, ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. हे रायगडातलं. इथे मुंबई–गोवा महामार्ग ओलांडून मोर्बा, म्हसळा करत श्रीवर्धनला जायचं. म्हसळ्याच्या अलीकडे घोणसे घाट लागतो. तो लहान असला तरी तीव्र उताराचा आहे, त्यामुळे ताम्हिणी संपला म्हणून सीटबेल्ट सोडू नका.

परतीच्या दिवशी श्रीवर्धन, दिवेआगर किंवा हरिहरेश्वरहून दुपारी एकपर्यंत निघालात तरच उजेडात घाट पार होतो. जेवण लांबणार असेल, तर सकाळीच ड्रायव्हरशी बोलून मुक्काम वाढवायचा की खोपोलीमार्गे यायचं ते ठरवा. मुक्काम वाढवल्यास ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय तुमच्याकडे असेल.