पिवळं पान कुठलं, ते आधी बघा

पान पिवळं पडलं की हात आपोआप खताच्या डब्याकडे जातो. त्याआधी एवढंच बघावं: पिवळं झालेलं पान तळाचं आहे की शेंड्याचं?

नत्र, म्हणजे नायट्रोजन, झाडाच्या अंगात फिरतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतली प्रथिनं आणि हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र कोवळ्या पानांकडे पाठवतं. म्हणून आधी तळाची पानं फिकी पडतात, अगदी शिरांसकट. पालाश, म्हणजे पोटॅशियम, हेही असंच फिरतं. त्याची उणीव असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. लोहाचं मात्र उलट आहे. पानात एकदा बसलेलं लोह तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे उपासमार शेंड्याची होते. नवं पान पिवळं दिसतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

अशा झाडाला युरिया घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बहुतेक वेळा मातीत लोह भरपूर असतं, पण मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 7.5 च्या वर गेला की ते फारसं विरघळत नाही आणि मुळांच्या हाती लागत नाही. तिथे चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधल्यामुळे विरघळलेलंच राहणारं लोह, उपयोगी पडतं.

माझ्या टोमॅटोला मी एकदा प्रेमापोटी दर आठवड्याला युरिया दिला. त्यात 46 टक्के नत्र असतं. झाड कमरेएवढं झालं, पानं गर्द हिरवी, आणि फळं मोजून चार! नत्र जास्त झालं की झाड पानंच वाढवत बसतं. मी थोडक्यात सुटलो, कारण मात्रा आणखी वाढली असती तर मुळंच होरपळली असती. खत विरघळून मातीतलं पाणी मुळांच्या रसापेक्षा दाट झालं की मुळांना ते ओढून घेता येत नाही, आणि माती ओली असतानाही झाड कोमेजतं. म्हणून कोरड्या मातीत खत कधीच घालू नये. आधी पाणी द्यावं, मग खत, तेही पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. चुकून जास्त पडलंच, तर तळाच्या भोकातून वाहून जाईल इतकं पाणी कुंडीत ओतावं.

तळाची पानं पिवळी दिसली म्हणजे खतच कमी पडलं, असंही नाही. कुंडीत ताजा लाकडी भुसा मिसळला असेल, तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. आणि माती सतत चिंब असेल, तर हवेअभावी मुळं अन्नद्रव्यं शोषूच शकत नाहीत. डबा उघडण्यापूर्वी मातीत दोन पेरं बोट खुपसून बघा. खाली चिखल लागला, तर आज पाणीही नको.