उमाळा आणि पाट: जेरुसलेमच्या एका झऱ्याची दोन नावे

जेरुसलेमच्या जुन्या तटाबाहेर दक्षिणेकडे एक अरुंद डोंगरसोंड उतरत जाते. तिच्या पूर्वेला किद्रोनचे खोरे आहे आणि खोऱ्याच्या कडेला, खडकाच्या पोटात, एक झरा आहे. जवळपास बारमाही नदी नसलेल्या या कोरड्या डोंगराळ प्रदेशात माणसांनी वस्ती केली, ती मुख्यतः या झऱ्याच्या भरवशावर. हिब्रू बायबलमध्ये त्याला ‘गीहोन’ म्हटले आहे. मात्र तेच पाणी डोंगरसोंडेच्या पायथ्याकडे निघाले, की त्याचे नाव ‘शिलोह’ होते. एकाच पाण्याला ही दोन नावे का पडली असावीत, याचे उत्तर अर्धे व्याकरणात आणि अर्धे भूगर्भात सापडते.

हिब्रू भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवरून घडतात. गीहोनच्या मुळाशी जो धातू आहे, त्याचा अर्थ ‘उसळून बाहेर पडणे’ असा आहे, आणि तो केवळ पाण्यापुरता वापरला जात नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात समुद्र जणू गर्भाशयातून बाहेर फुटतो, तेव्हा हाच धातू येतो. बायबलच्याच शास्ते या पुस्तकात दबा धरून बसलेले सैनिक एकाएकी बाहेर पडतात, तेव्हाही तोच. थोडक्यात, संथ पाझरणाऱ्या पाण्याला हे नाव शोभणार नाही. त्यासाठी मराठीत ‘उमाळा’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तोही आधी पाण्याचा आहे आणि मग मनाचा.

आता या झऱ्याची सवय पाहा. तो चुनखडीच्या खडकातला आहे. अशा खडकाला पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी हळूहळू विरघळवते, आणि आत भेगा, नळ्या व पोकळ्या तयार होतात. एखाद्या पोकळीतून बाहेर येणारी वाट आधी वर चढून मग खाली वळत असेल, तर पाणी त्या वळणाच्या माथ्याशी पोहोचेपर्यंत आतच साठत राहते. माथा ओलांडला, की पोकळी झपाट्याने रिकामी होते आणि हवा आत शिरताच प्रवाह तुटतो. पिंपातले रॉकेल रबरी नळीने काढताना हेच तत्त्व काम करते. त्यामुळे गीहोनचे पाणी थांबून थांबून उसळत असे, हिवाळी पावसानंतर दिवसातून अनेकदा आणि कोरड्या ऋतूत क्वचित. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन 1838 मध्ये तेथे गेले असता, काही मिनिटांतच कुंडातले पाणी सुमारे फूटभर चढलेले त्यांनी पाहिले. आत एक अजगरासारखा मोठा प्राणी आहे, तो जागा असला की पाणी अडवतो आणि झोपला की सोडतो, अशी स्थानिकांची समजूतही त्यांनी नोंदवून ठेवली. (राजापूरच्या गंगेविषयी ऐकून असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, मात्र तेथला खडक चुनखडीचा नव्हे.)

उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेतून निघणाऱ्या चार नद्यांपैकी एकीचे नावही गीहोनच आहे. त्यावरून जेरुसलेमचा झरा आणि ती नदी यांची सांगड घालण्याचा मोह होतो. पण उसळणाऱ्या कोणत्याही पाण्याला हे वर्णनात्मक नाव पडू शकते, हे साधे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते.

शिलोहचा धातू अगदी वेगळा, ‘पाठवणे’ या अर्थाचा आहे. बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, हे पाणी जेथे साठते त्या शिलोहच्या तळ्याचा उल्लेख येतो, तेव्हा लेखक ‘पाठवलेला’ असा अर्थही देतो. पाठवलेले पाणी म्हणजे माणसाने वळवून नेलेले पाणी. आपल्याकडे त्याला सरळ ‘पाट’ म्हणतात. यशया संदेष्टा ‘संथ वाहणाऱ्या शिलोहच्या पाण्या’चा उल्लेख करतो, आणि तो प्रसंग यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमभोवतालच्या राज्याच्या, आहाज राजाच्या काळातला आहे. गीहोनचे पाणी खडकातून तळ्यापर्यंत नेणारा, आहाजचा मुलगा हिज्कीया याने खोदवलेला प्रसिद्ध बोगदा त्यानंतरचा, म्हणजे हे नाव बहुधा त्याआधीच्या, उताराच्या कडेने नेलेल्या कालव्याचे असणार. उसळणारे पाणी कालव्यात शिरले, की निवते. यशयाचे विशेषण त्यामुळेच चपखल बसते.

बोगदा मात्र पाहण्यासारखा आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब इसवी सनपूर्व 701 मध्ये यहूदावर चालून आला, त्या सुमाराचा तो मानला जातो. त्याची लांबी 533 मीटर आहे, पण दोन टोकांतले सरळ अंतर त्याहून पुष्कळ कमी. एवढ्या लांबीत उतार जेमतेम 30 सेंटिमीटरचा आहे. गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या कणांचे आणि आत वाढलेल्या चुन्याच्या लोंबत्या सुळक्यांचे वय मोजून 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही सुमारे इसवी सनपूर्व 700 हाच काळ दाखवला.

खोदकाम दोन्ही टोकांकडून झाले, हे भिंतींवरच्या टिकावाच्या घावांवरून दिसते, कारण मधल्या एका जागी त्यांची दिशा उलटते. 1880 मध्ये बोगद्यात सापडलेला आणि आता इस्तंबूलच्या संग्रहालयात असलेला सहा ओळींचा शिलालेख तोच क्षण सांगतो: तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक ऐकू आली, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी 1200 हात वाहत गेले. त्यात राजाचे नाव नाही. गीहोन नाही, शिलोहही नाही. पाणी कोठून कोठे गेले, हे सांगायला लिहिणाऱ्याने दोनच साधे शब्द वापरले आहेत: ‘मोत्सा’, म्हणजे निघण्याची जागा, आणि ‘बरेखा’, म्हणजे तळे.