ऊसतोड कामगारांच्या मुलांमधील शैक्षणिक तफावत

ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले आणि त्याच वर्गात वर्षभर बसणारी मुले यांच्या वाचन, लेखन व गणितात पडत जाणारे अंतर. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. यांतील बहुतेक कुटुंबे भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत. वंजारी, बंजारा व दलित समाजांतील कुटुंबांची संख्या त्यांत मोठी आहे.

शाळा जूनच्या मध्यावर भरते आणि मूल ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते. पहिले सत्र पदरात पडते, दुसरे बुडते. अशा मुलाचे पाठ्यपुस्तक हातात घ्यावे: पुढची पाने मळलेली, कोपरे दुमडलेले, मागची पाने कोरी करकरीत. गणितात हे सर्वांत महाग पडते. हातच्याची वजाबाकी पक्की नसेल तर भागाकार जमत नाही आणि भागाकार कच्चा राहिला की अपूर्णांक कळत नाहीत. चार वर्षे सलग असेच गेले, तर पाचवीत पोचलेल्या मुलाला प्रत्यक्षात दोन वर्षांचीही शाळा मिळालेली नसते. अशा मुलाला ‘ढ’ म्हणणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

फडाजवळच्या, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेताजवळच्या तळावर शाळेला वेळच उरत नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात तोडीला जातात. आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मागे राहते. पाणी, भांडी आणि कडेवरचे भावंड तिच्याकडे. मुलगे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात, बैलांना वैरण-पाणी करतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर. या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. ती उचल फेडायची असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पोरांचे हातही कामाला लागतात. बागलकोट किंवा विजयपूरकडे गेलेल्यांना जवळची शाळा मिळाली, तरी तिथे शिकवणे कन्नडमध्ये चालते.

ही तफावत कागदावर मात्र सहज दिसत नाही. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण आणले आणि मूल वर्गामागून वर्ग चढत गेले. नापासाच्या भीतीने शाळा सुटू नये, हा हेतू योग्यच होता. पण राहिलेले शिकवून घेण्याची जी विशेष प्रशिक्षणाची तरतूद याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, ती हंगामाहून परतलेल्या मुलापर्यंत क्वचितच पोचते. तो परततो तेव्हा शाळा उन्हाळी सुटीच्या तोंडावर असते.

उपाय दोन दिशांनी झाले. पहिला, शाळा मुलांमागे नेणे: कारखान्यांच्या परिसरात भरणाऱ्या साखरशाळा. ‘जनार्थ’ या संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. शिक्षण हक्क कायद्यानंतर नियमित शाळांवर भर आला आणि साखरशाळा कमी झाल्या. दुसरा, मुलांना गावीच ठेवणे: हंगामी वसतिगृहे. नाव वसतिगृहाचे असले तरी अनेक गावांत मुले शाळेत जेवतात आणि झोपायला आजी-आजोबांकडे जातात. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र अशी ८२ वसतिगृहे मंजूर केली.

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे. मुलगी वयात आली की तिला मागे ठेवायला आईवडील धजावत नाहीत, म्हणून ती तळावर जाते. लवकर लग्न लावून दिले, तर पुढच्या हंगामात नवऱ्याबरोबर तिचाच एक कोयता होतो आणि उचल त्या दोघांच्या नावावर चढते.