बालकांची उपशामक सेवा : परिचारिकांचे प्रशिक्षण

कर्करोग, एचआयव्ही, मेंदू वा स्नायूंचे दुर्धर विकार अशा आजारांनी ग्रासलेल्या मुलांचा त्रास कमी करणे व त्यांच्या घरच्यांना आधार देणे, यासाठी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. 'औषधे थकली की मग पॅलिएटिव्ह केअर' (म्हणजेच उपशामक सेवा) हा समज पहिल्याच तासाला दूर करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ही सेवा निदानापासूनच सुरू होते आणि मूळ उपचारांच्या जोडीने चालते.

सर्वांत अवघड धडा वेदना ओळखण्याचा. बोलता न येणाऱ्या मुलासाठी फ्लॅक ही मोजपट्टी वापरतात : चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण. पण बरेच दिवस दुखणे सोसलेले मूल रडेनासे होते. ते खेळणी हातात धरत नाही, कूस बदलताना अंग आखडून घेते, आणि नवख्या विद्यार्थिनीला ते 'शांत झोपलेले' वाटते. हा फरक अनुभवी सिस्टरसोबत खाटेपाशी उभे राहूनच कळतो. मॉर्फिन हे अफूपासूनचे तीव्र वेदनाशामक वजनानुसार आणि ठरल्या वेळीच द्यायचे, दुखण्याची वाट पाहायची नाही; सोबत बद्धकोष्ठतेवरचे औषध लागतेच. व्यसन लागेल या पालकांच्या भीतीला उत्तर देण्याआधी विद्यार्थिनीची स्वतःची भीती जावी लागते.

'सिस्टर, मी मरणार का?' या प्रश्नाचा सराव वर्गात एकमेकींना रुग्ण व पालक करून घेतला जातो. खोटे सांगायचे नाही, एकदम सारे सांगूनही टाकायचे नाही; 'तुला असं का वाटलं, बाळा?' असे विचारून आधी ऐकायचे. वॉर्डात मूल दगावल्यावर विद्यार्थिनींना शिक्षिकेपाशी मन मोकळे करता येणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. नेमका तोच अनेकदा वगळला जातो.

मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस (दुर्धर आजारी रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र), हेलन हाऊस, १९८२ मध्ये ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी काढले. त्या मूळच्या परिचारिका. महाराष्ट्रात २०१० मध्ये सुरू झालेल्या बाल-उपशामक प्रकल्पात मुंबईच्या शीव रुग्णालयाबरोबर आदिवासीबहुल जव्हारही होते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह केअरचे मॉड्यूल घातले, मात्र ते प्रौढांच्या शुश्रूषेच्या विषयाला जोडलेले आहे. त्यामुळे बालरोग वॉर्डातला सराव महाविद्यालयांनी स्वतः आखून घ्यावा लागतो.