मोठ्या स्पर्धेत नगरसेवकांना बोलताच येत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर कधीपासून फिरतंय की सरकारी पैशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा असली की नगरसेवकांना त्यात बोलायचा हक्कच नसतो. तसं नाही. आयोजन समितीत त्यांना आपोआप खुर्ची मिळत नाही हे खरं, पण घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायची म्हणून जी १८ कामं दिलीत त्यात नगररचना, रस्ते, पाणी, कचरा आणि खेळाची मैदानंसुद्धा आहेत, आणि स्पर्धा आली की ताण पडतो तो ह्यांच्यावरच ना! त्यातलं नेमकं किती सोपवलंय ते राज्याच्या कायद्यात बघायचं. सभेचे ठराव, खर्चाचे कागद २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज मात्र कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा.