जाड ऑइल टाकलं की धूर थांबतो?

जुनी स्प्लेंडर बघायला गेलात आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, की हमखास ऐकायला मिळतं: 'काही नाही हो, जाड ऑइल टाका, थांबेल.' धूर थोडे दिवस कमी होतोही, म्हणून हा समज टिकून आहे. पण दुखणं तिथेच राहतं.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना भपकारा येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील, म्हणजे ऑइल आत झिरपू न देणारी रबरी टोपणं, गेलेत. हे काम तुलनेने स्वस्त. अॅक्सिलरेटर पिळल्यावर सतत धूर येत असेल, तर संशय पिस्टनभोवतीच्या कड्यांवर (पिस्टन रिंग) आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या बोअरवर. तिथे इंजिन खोलावंच लागतं. थंडीत दिसणारी आणि इंजिन तापल्यावर विरणारी पांढरी वाफ मात्र निव्वळ पाण्याची, तिला घाबरू नका.

या गाडीला १०डब्ल्यू-३० ऑइल लागतं; हा ऑइलच्या जाडीचा आकडा. त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरलं तर गार इंजिनात ते वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) उशिरा पोहोचतं, झीज उलट वाढते. सकाळचा तो भपकारा गार इंजिनातच दिसतो, म्हणून मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गार इंजिनाला स्वतः किक मारा, आणि किंमत मेकॅनिकने खर्च सांगितल्यावरच ठरवा.